हार्ड डिस्क आचके द्यायला लागली तर काय करायचं?

(कर्वेनगरमधल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटची प्रश्नोत्तरं निवडक आहेत.)

पाऊस असूनही आलात, बरं वाटलं. समोर आपल्या परिसरातली काका-मावशी मंडळी आहेत आणि मागच्या रांगांत कॉलेजच्या, हॉस्टेलवरच्या मुली दिसतायत. दोघांचं दुखणं एकच आहे. मावशींच्या लॅपटॉपमध्ये नातवंडांचे दहा वर्षांचे फोटो आहेत आणि मुलींच्या लॅपटॉपमध्ये पुढच्या महिन्यात द्यायचा प्रोजेक्ट आहे. त्याची दुसरी प्रत दोघींकडेही नाही.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. आमचे वडील नारायण पेठेत वाढले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा ते कॉलेजात होते. घरातली पत्र्याची ट्रंक त्या पुरात गेली. पत्रिका, आजोबांची पत्रं, लग्नातले फोटो, सगळं त्यात होतं. ही हकीकत ते फार छान सांगायचे. २०११ साली मी त्यांना समोर बसवून ती लॅपटॉपवर रेकॉर्ड केली. चांगली पाऊण तासाची. २०१४ साली वडील गेले. पुढे काही महिन्यांत तो लॅपटॉप मंद चालायला लागला. मधेच गोठायचा, परत चालू व्हायचा. मी काय केलं असेल? मला वाटायचं, आपल्याला यातलं कळतं. रात्री झोपताना विंडोजचा ‘चेकडिस्क’ लावला, सगळी डिस्क तपासून दुरुस्त करणारा पर्याय निवडला आणि निवांत झोपलो. सकाळी स्क्रीन काळी आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज. पुढे एका जाणकाराने खूप खटपट करून थोडंफार बाहेर काढलं. वडिलांच्या पाऊण तासातली अकरा मिनिटं मिळाली.

डिस्क तशीही मरणारच होती. पण त्या रात्री तिच्यात अजून धुगधुगी होती, आणि ती मी नको त्या कामात संपवली. आजचं सगळं व्याख्यान या एका गोष्टीवर आहे. आचके देणारी डिस्क दुरुस्त करायची नसते, रिकामी करायची असते. आणि रिकामी करताना आधी काय काढायचं, हे ठरवून ठेवायचं असतं.

आत असतं काय?

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरं मावायची. आजच्या फोनवर काढलेल्या एखाद-दुसऱ्या फोटोएवढी. तुमच्या लॅपटॉपमधली डिस्क अडीच इंची आहे, पण तत्त्व तेच. चुंबकीय थर दिलेली तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक हेड तरंगत जाऊन वाचतं, लिहितं.

लॅपटॉपची डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला नव्वद. हेड तबकडीला टेकलेलं नसतं. हवेच्या पातळ थरावर, काही नॅनोमीटर उंचीवरून ते सरकत असतं. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. त्यामुळे डिस्क चालू असताना लॅपटॉप टेबलावर आपटला, तर हेड तबकडीवर घासू शकतं. मग त्या जागेचा थर खरवडला जातो, त्याचा चुरा आत फिरतो आणि तो आणखी ओरखडे काढतो.

माहिती छोट्या कप्प्यांत साठवलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. तबकडी फिरून तो सेक्टर पुन्हा हेडखाली आला की परत वाचून बघते, हेड जरा इकडेतिकडे सरकवून बघते. घरच्या वापराच्या डिस्क यात कित्येक सेकंद घालवतात. तेवढा वेळ बिचारा लॅपटॉप वाट बघत बसतो, आणि आपल्याला वाटतं, ‘हँग झाला’. आता हिशोब करा. एक हजार सेक्टर खराब आहेत आणि प्रत्येकावर दहा सेकंद गेले, तर दहा हजार सेकंद होतात. म्हणजे पावणेतीन तास डिस्क फक्त मोडक्या जागांवर डोकं आपटत राहणार. चांगला भाग बाजूलाच पडून, न काढलेला. माझ्या चेकडिस्कने रात्रभर हेच केलं.

दुखणं ओळखायचं कसं?

दोन प्रकार लक्षात ठेवा, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार, पृष्ठभाग खराब होणं. याची लक्षणं म्हणजे ठरावीक फोल्डर उघडलं की लॅपटॉप गोठतो, कॉपी करताना एकाच ठिकाणी अडकतो, सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं घेतो. अशी डिस्क बहुतेक वेळा अजून वाचता येते.

दुसरा प्रकार, यंत्रच बिघडणं. एका लयीत टक् टक् आवाज येतो, किंवा घासल्यासारखा, किंवा मोटर फिरायचा प्रयत्न करते आणि नुसती गुणगुणते. इथे हेड किंवा मोटर गेलेली असते. असा आवाज आला की लॅपटॉप बंद करायचा. ‘एकदाच बघतो’ म्हणून पुन्हा चालू करायचा नाही. डिस्क फिरतेय तोवर हेड तबकडीवर ओरखडे काढत असू शकतं, आणि ओरखडा पडलेली जागा कुठल्याच प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

पहिल्या प्रकारात डिस्कच स्वतःची नोंदवही ठेवत असते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. यादी मोठी असते, पण आपण तीन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर. आणि सी६ म्हणजे तपासणीतही न वाचता आलेले. या तिन्हींच्या पुढचा ‘रॉ’ आकडा शून्य असावा. एक सूचना, हा प्रोग्राम तो आकडा सोळाच्या पाढ्यात दाखवतो, म्हणजे १० दिसलं तर ते सोळा. मेन्यूमधून नेहमीचे दशमान आकडे करून घेता येतात. आणि सी७ ही ओळ वाढत असेल, तर बहुधा केबल किंवा जोडणीचा दोष असतो. तेव्हा डिस्कवर बोट ठेवू नका.

आता कुणी म्हणेल, ‘दोन-चारच सेक्टर गेलेत, चालतंय की!’ गूगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट निघाली. म्हणजे हे दुखणं अंगावर काढायचं नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही ऐका. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कच्या नोंदवहीत महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही नव्हती. म्हणून नोंदवही स्वच्छ दिसली म्हणजे डिस्क ठणठणीत, असं समजू नका.

पहिल्या तासात काय करायचं?

समजा आवाज नाही, नुसतं मंद चाललंय, आणि सी५ समोर आकडा दिसतोय. आता क्रमाने जाऊ.

एक, लॅपटॉपवर नवीन काही करायचं थांबवा. अपडेट नको, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी नको, डिफ्रॅग तर अजिबात नको. ही सगळी कामं डिस्कच्या कानाकोपऱ्यात फिरतात. लॅपटॉप सुरू होताना ‘डिस्क तपासतो, थांबवायचं असेल तर कुठलंही बटण दाबा’ असं आलं, तर त्या काही सेकंदांत बटण दाबाच.

दोन, कागदावर यादी करा. कागदावर म्हणतोय मी, लॅपटॉपवर नाही! जे जगात दुसरीकडे कुठेच नाही, ते पहिलं. सिनेमे, गाणी, प्रोग्राम हे परत मिळतात. प्रबंध, हिशोब, फोटो, रेकॉर्डिंग मिळत नाहीत. लोक गडबडीत अख्खं ‘डी ड्राइव्ह’ ओढतात. त्यात आधी चाळीस जीबी सिनेमे कॉपी होतात आणि प्रबंधाची पाळी येईपर्यंत डिस्क मान टाकते.

तीन, बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावा आणि त्या यादीप्रमाणे छोटे छोटे फोल्डर काढा. एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडा, पुढची घ्या. अडलेल्याशी झुंजत बसू नका.

चार, थोडंच काढायचं असेल तर इतकं पुरतं. पण सगळंच हवं असेल, किंवा विंडोजच सुरू होत नसेल, तर फाइल-फाइल करून उपयोग नाही. मग अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची. यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. लिनक्सच्या ‘सिस्टिमरेस्क्यू’ नावाच्या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या आवृत्तीत तो तयारच मिळतो. त्याची युक्ती साधी आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतो, अडलं की ती जागा सोडून पुढे जातो, आणि कुठे काय राहिलं त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो. चांगलं सगळं हाती आल्यावरच तो मोडक्या जागांकडे परत वळतो. मधे वीज गेली, डिस्क तापली, थांबवावं लागलं, तरी त्या नोंदीमुळे पुढे तिथूनच सुरू होतं. दुष्काळात पाणी भरताना आपण आधी चालू नळाखाली हंडा लावतो, गळक्या नळापाशी नंतर जातो. तसंच आहे हे.

पण यात एक धोका आहे, आणि तो मोठा आहे. कोणती डिस्क ‘मूळ’ आणि कोणती ‘प्रत’, हे उलटं दिलं गेलं, तर रिकामी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल. दोन्हींची क्षमता आणि अनुक्रमांक कागदावर लिहून ठेवा आणि दोनदा ताडून बघा. प्रतीची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. हात थरथरत असतील तर जाणकाराला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

प्रत झाली की मूळ डिस्क बाजूला ठेवायची. चेकडिस्क, फाइल शोधणारे प्रोग्राम, काय प्रयोग करायचे ते प्रतीवर. प्रत बिघडली तर दुसरी प्रत काढता येते. चेकडिस्क वाईट नाही हो. त्याचं काम आहे फाइलींची यादी सुसंगत करणं. त्यासाठी तो तुटक्या फाइली छाटतो, तुकडे वेगळ्या फोल्डरात टाकतो. निरोगी डिस्कवर हे चालतं. मरत्या डिस्कवर चालत नाही.

काय करायचं नाही?

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायची नाही. हा उपाय इंटरनेटवर अजून फिरतोय. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव जमतं, आणि आपल्याकडच्या जुलैत तर विचारूच नका. डिस्क उघडायची नाही. हेडच्या उंचीपुढे धुळीचा साधा कण म्हणजे पर्वती आहे. टिचक्या मारायच्या नाहीत. आणि ‘तसल्याच डिस्कची सर्किट प्लेट बदलली की होतं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आताच्या प्लेटवर त्या त्या डिस्कची खास माहिती साठवलेली असते. ती नव्या प्लेटवर हलवल्याशिवाय नुसती प्लेट बदलून सहसा काही होत नाही.

डिस्क काढून केबलने दुसऱ्या लॅपटॉपला जोडलीत, तर विंडोज कधी कधी विचारतं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का?’ इथे ‘कॅन्सल’. घाईत ‘हो’ म्हणणारे बरेच असतात.

दुकानात लॅपटॉप देताना पहिलं वाक्य हे असू द्या: ‘मला डेटा हवाय. लॅपटॉप चालू झाला नाही तरी चालेल.’ बऱ्याच ठिकाणी ‘लॅपटॉप चालू करून द्या’ याचा अर्थ विंडोज नव्याने टाकणं असा घेतला जातो, आणि ते जुन्या डिस्कवर टाकलं की फाइलींवर पाणी सोडायचं. बदललेली जुनी डिस्क परत मागून घ्या. टक् टक् आवाज असेल तर डिस्क उघडण्यासाठी धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेतच जायचं. खर्च मोठा असतो, म्हणून आधी फक्त तपासणी करून अंदाज मागा. आणि तो खर्च करण्याइतकं त्यात काय आहे, हे घरी बसून ठरवा. प्रत्येक डिस्कसाठी तो करायलाच हवा असं नाही.

अजून एक. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. ‘बिटलॉकर’ म्हणतात त्याला. अशी डिस्क बाहेर काढली तर ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आज घरी गेल्यावर ती शोधा, कागदावर उतरवा आणि लॅपटॉपच्या बॅगेत सोडून दुसरीकडे कुठेही ठेवा.

तिसरी प्रत कुठे?

डेटा वाचला, आता नवीन डिस्क बसवायची. ती एसएसडीच बसवा. तिच्यात फिरणारं काही नाही, धक्का सहन करते, जुना लॅपटॉपसुद्धा पळायला लागतो. पण ती मरताना टक् टक् करत नाही. पुष्कळदा काल चालू होती आणि आज दिसतच नाही, इतकंच कळतं. त्यामुळे एसएसडी आली म्हणजे काळजी मिटली असं नाही, उलट प्रतींची गरज वाढली.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉपवर एक, कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि तिसरी क्लाउडवर किंवा मुलीच्या घरी. लोक पहिल्या दोन करतात आणि दोन्ही एकाच टेबलावर ठेवतात. आपल्याला तरी हे वेगळं सांगायला नको. २५ जुलै २०२४ ला राजाराम पुलापलीकडे एकतानगरीत काय झालं, ते आपण पाहिलंय. लोक तळमजल्यावरून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. पाणी आलं की लॅपटॉप आणि शेजारची डिस्क दोन्ही जाणार. ‘दुसऱ्या जागी’ याचा अर्थ दुसरी खोली नव्हे, दुसरं घर.

काही प्रश्न

एक विद्यार्थिनी: सर, माझं सगळं गूगल ड्राइव्हला सिंक होतं. मग पुरे ना?

सिंक आणि प्रत यात फरक आहे, बाळा. सिंक म्हणजे आरसा. इकडे फाइल चुकून पुसलीस, तर तिकडेही पुसली जाते. कचराकुंडीत काही दिवस राहते, नंतर जाते. प्रबंधाची दर आठवड्याची वेगळी प्रत, नावात तारीख घालून, एका पेनड्राइव्हवर ठेव. आणि ती दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघ. न उघडून बघितलेली प्रत आहे की नाही, ते कुणालाच माहीत नसतं.

एक काका: बाहेरची डिस्क मी घेतलीय. चार वर्षं कपाटात आहे, वापरलेली नाही. मग ती नवीच म्हणायची का?

नाही काका. आत तेच यंत्र आहे. दोन-तीन महिन्यांनी लावून बघत जा, आणि लावाल तेव्हा नवे फोटो त्यात टाका. लॅपटॉपची झाली म्हणून सगळं हलवून हिच्यावर ठेवलं आणि लॅपटॉपवरून पुसलं, असं करू नका. मग ती प्रत राहत नाही, तीच मूळ होते.

एक मावशी: तुमच्या वडिलांच्या त्या अकरा मिनिटांत काय आहे हो?

(थोडं थांबून) सुरुवात आहे. सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला, कुणाचा विश्वासच बसेना, आणि माझी आजी म्हणाली, आधी ट्रंक वर न्या. आजोबा म्हणाले, पाणी काही इथवर येत नाही. एवढ्यावर तुटतं. पुढचं मला तोंडपाठ आहे, पण ते माझ्या आवाजात. ती अकरा मिनिटं आता तीन ठिकाणी आहेत. एक माझ्याकडे, एक क्लाउडवर आणि एक नाशिकला, बहिणीकडे.

तुम्ही आज घरी गेलात की एकच करा. लॅपटॉप उघडून सी५ वगैरे उद्या बघा. आज फक्त ती कागदावरची यादी करा, जगात दुसरीकडे कुठेच नाही अशा गोष्टींची. आणि त्यातल्या पहिल्या ओळीवर जे असेल, त्याची एक प्रत झोपायच्या आधी काढा.